४०९६वर विसंबू नका



अधिवेशनाच्या अध्यक्षाने साऱ्या क्षेत्राचा धावता आढावा घ्यावा, अशी रीत आहे. आज ती बाजूला ठेवून मी एकाच आकड्याविषयी बोलणार आहे : ४०९६.

इंटेलच्या ८०३८६ प्रोसेसरने १९८५ मध्ये मेमरीचे पेज ४ किलोबाइटचे, म्हणजे ४०९६ बाइटचे ठरवले. पुढे घरोघरी आलेले संगणक बहुतांशी त्याच कुळातले, त्यामुळे आपण टेस्ट लिहायला बसलो की हा आकडा आपोआप टाइप होतो. पण व्हॅक्स संगणकाचे पेज ५१२ बाइटचे होते, अल्फा प्रोसेसरचे ८ किलोबाइटचे. पॉवर यंत्रांवर लिनक्स कैक वर्षे ६४ किलोबाइटच्या पेजवर चालते आहे. ॲपलचे २०२० पासूनचे एम मालिकेतले मॅक १६ किलोबाइट वापरतात, रास्पबेरी पाय ५चा नेहमीचा कर्नलही. अँड्रॉइड १५साठीच्या नव्या ॲप्सना आणि अपडेट्सना गूगल प्लेने १ नोव्हेंबर २०२५ पासून १६ किलोबाइटची अट घातली आणि हा प्रश्न पुण्या-मुंबईत ॲप लिहिणाऱ्यांपर्यंत पोहोचला.

यात टेस्ट कुठे अडते? फाइलचा ४०९६व्या बाइटपासूनचा भाग मॅप करायला जा. ६४ किलोबाइटच्या कर्नलवर लगेच EINVAL मिळते. ही चूक मला छळत नाही, कारण ती ओरडून सांगते. शंभर बाइटची फाइल मॅप करून पाच हजाराव्या बाइटवर SIGBUS येण्याची वाट पाहणारी टेस्टही नापास होते. तिथे कर्नल बरोबर असतो, टेस्ट चुकलेली असते.

खरा घोर आहे तो गुपचूप पास होणाऱ्या टेस्टचा. फोर्कनंतर सोळा पेजवर लिहायचे आणि प्रत्येकाची वेगळी प्रत झाली का, हे तपासायचे; पण पाऊल टाकायचे दर ४०९६ बाइटला. ६४ किलोबाइटवर ती सोळाही पावले एकाच पेजवर पडतात. प्रत एकदाच होते, मजकूर जुळतो, अहवालात ‘पास’ उमटते. पंधरा पेजची तपासणी झालेलीच नसते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. अशी टेस्ट नसलेली परवडली, असे माझे ठाम मत आहे.

sysconf ला पेज साइज विचारली की काम झाले, असे अनेकांना वाटते. तेवढ्याने भागत नाही. ह्यूज पेजचेच पाहा. एआरएम६४वर पेज टेबल स्वतः एका पेजचे आणि त्यातली नोंद ८ बाइटची. म्हणून ४ किलोबाइटवर ५१२ नोंदी आणि ह्यूज पेज २ मेगाबाइटचे. ६४ किलोबाइटवर ८१९२ नोंदी आणि ह्यूज पेज ५१२ मेगाबाइटचे. पेज सोळापट वाढले की ह्यूज पेज २५६ पट वाढते! चार ह्यूज पेज मागणाऱ्या टेस्टला ८ मेगाबाइटऐवजी २ गिगाबाइट लागतात. हा आकार hpage_pmd_size मधून वाचावा, गृहीत धरू नये.

कंट्रोल ग्रुपच्या हिशेबात तर गाठ आणखी घट्ट आहे. कर्नल दर कोअरमागे ६४ पेजपर्यंतची मेमरी, म्हणजे एक बॅच, आगाऊ खात्यावर टाकतो. त्यामुळे हिशेबात पडणारा फरक ४ किलोबाइटवर कोअरमागे २५६ किलोबाइटपर्यंतचा, ६४ किलोबाइटवर ४ मेगाबाइटपर्यंतचा. अपेक्षित आणि प्रत्यक्ष वापर जुळत नाही, टेस्ट पडते आणि मग कुणीतरी सवलतीची टक्केवारी वाढवून मोकळे होते. कृपा करून हे करू नका. त्या वाढीव सवलतीत उद्याची खरी गळतीही खपून जाईल. सवलत कोअरची संख्या, पेज साइज आणि बॅच यांच्या गुणाकारातून यावी आणि तो हिशेब कोडमध्ये लिहिलेला असावा.

जिथे यंत्राची मेमरीच पुरत नाही, तिथे टेस्ट वगळणे प्रामाणिकपणाचे आहे. मात्र वगळण्याचे कारण छापलेच पाहिजे आणि वगळलेली टेस्ट ‘पास’मध्ये मोजली जाऊ नये.

या अधिवेशनापुढे माझा एक ठराव आहे. आपल्यापैकी ज्यांच्याकडे मेमरी टेस्टची जबाबदारी आहे, त्यांनी प्रत्येक बदल ४, १६ आणि ६४ किलोबाइट अशा तिन्ही कर्नलवर चालवावा. महागडे यंत्र लागत नाही. क्यूईएमयू या एम्युलेटरमध्ये एआरएम६४चे तिन्ही कर्नल साध्या लॅपटॉपवर बूट होतात, थोडे सावकाश इतकेच. दुपारच्या सत्रात यावर चर्चा आणि मतदान घ्यावे, अशी विनंती करतो.