मारुतीच्या माथ्यावरचे पाणी

(ज्ञातीच्या वार्षिक गुणगौरव समारंभात शालान्त परीक्षा उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या वतीने केलेले भाषण)



आपण आमचा गौरव केलात याबद्दल आम्ही चौघे आपले ऋणी आहोत. गुणांविषयी बोलण्यासारखे फारसे नाही. ते गुणपत्रिकेत आहेतच. आम्हांस बोलावयाचे आहे ते जलसुरक्षा या विषयाच्या प्रकल्पाविषयी. या विषयास दहावीत श्रेणी मिळते, टक्केवारीत तो धरला जात नाही. म्हणून पुष्कळजण वहीत चार चित्रे चिकटवून मोकळे होतात. आम्ही निवडला गोदावरीचा पूर, आणि त्याने आमचे पाच महिने घेतले.

पूर मोजण्याची नाशिककरांची रीत आपणांस सांगावयास नको. रामकुंडाच्या खालच्या अंगास उभा असलेला दुतोंड्या मारुती हेच आपले माप. पाणी कमरेस लागले, छातीपर्यंत चढले, असे म्हटले की घरात बसलेल्या माणसासही सारे समजते. परंतु कामास आरंभ करताच ध्यानात आले की हे माप मारुतीच्या माथ्यापाशी संपते. २०१९ च्या ऑगस्टात मारुती बुडाला, हे सर्वांनी पाहिले. त्याच्या डोक्यावर पाणी किती होते, हे तो सांगू शकत नाही. त्यापुढची नोंद मिळाली तर काठावरच्या घरांच्या भिंतींवर आणि त्या घरांतील वृद्ध माणसांच्या आठवणीत. म्हणून आम्ही सप्टेंबर १९६९ चा महापूर पाहिलेल्यांचा शोध घेऊ लागलो, आणि तीन घरी आम्हांस त्या पाण्याची खूण दाखविण्यात आली. एके ठिकाणी ती कोनाड्याच्या तळाशी होती, दुसरीकडे जिन्याच्या पायरीवर, तर तिसरीकडे मधल्या खोलीच्या खांबावर.

खुणा निरनिराळ्या जागी असल्याने त्यांची तुलना कशी करावी हा प्रश्न पडला. त्याचे उत्तर एका गवंडीकाकांनी दिले. पारदर्शक लांब नळीत पाणी भरले म्हणजे दोन्ही टोकांस ते एकाच पातळीत उभे राहते; या नळीने गवंडी जोत्याची पातळी काढतात. तीच नळी घेऊन, एका खुणेवरून निघून टप्प्याटप्प्याने आम्ही घाटापर्यंत उतरलो. प्रत्येक टप्प्यावर खडूची रेघ ओढावी, आकडा लिहावा आणि पुढे सरकावे. बाजारात गर्दी असते म्हणून हे काम रविवारी भल्या पहाटे करावे लागे. (नळीतील पाण्यात बुडबुडा राहिला तर सारे फुकट जाते, हे कोणी नळी वापरणार असेल तर ध्यानात ठेवावे.)

दोन खुणा जवळजवळ एका पातळीत निघाल्या. तिसरी मात्र चांगली हातभर वर निघाली. ती गाळावी की ठेवावी यावर आमच्यात दोन तट पडले. शेवटी आम्ही पुन्हा त्या घरच्या आजींकडे गेलो. त्या सहज म्हणाल्या, “अरे, आमच्याकडे पाणी नदीकडून आलेच नाही, मागच्या दाराने आले.” एका वाक्याने कोडे उलगडले. सराफ बाजाराखालून सरस्वती नाला वाहत गोदावरीस मिळतो. नदी फुगली की नाल्याच्या पाण्यास वाट मिळत नाही, ते मागे तुंबते आणि नदीच्या पातळीहून उंच चढते. ती खूण नदीची नव्हतीच.

पुष्कळांनी आम्हांस विचारले, गंगापूर धरण १९६५ साली पुरे झाले, मग चार वर्षांनी एवढा पूर कसा? धरण पाणी अडविते, परंतु भरल्यावर येईल तेवढे पाणी त्यास सोडावेच लागते. शिवाय धरणाच्या खाली शहरावर पडणारा पाऊस आणि नाल्यांचे पाणी त्याच्या ताब्यात नाही. दुसरे असे की घाटावर कुंभमेळ्यांच्या निमित्ताने बांधकामे होत गेली, पात्राचे रूप पालटले. तेव्हा मारुतीच्या छातीपर्यंतचे पाणी पूर्वीचे आणि आजचे सारखेच, असे मानणे आम्हांस पटत नाही.

आता थोडे अवघड सांगावयाचे आहे. आमच्या नकाशावर घरे दाखवू लागताच काही मंडळी अस्वस्थ झाली. पूररेषा दोन असतात. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची तांबडी. निळीच्या आत नवे बांधकाम दुरापास्त होते. वाडा मोडकळीस आला आहे, भाऊबंदांत वाटण्या व्हावयाच्या आहेत, अशा वेळी पोरांनी भिंतीवरची खूण जगजाहीर करावी, हे एका आजोबांस रुचले नाही. त्यांचे म्हणणे आम्ही नीट ऐकून घेतले. त्यांना उडवून लावण्याजोगे त्यात काही नव्हते. नकाशावर घरांची नावे न घालता अ, ब, क अशी अक्षरे घातली. आकडे मात्र एका अंगुळानेही कमी केले नाहीत. पुढे तेच आजोबा आपण होऊन म्हणाले, “माझ्या नातवंडांस जिना कोठवर चढावयाचा हे कळू द्या,” आणि त्यांनी खुणेखाली तेलरंगाने सन घातला.

सादरीकरणास दहा मिनिटे होती. परीक्षकांनी विचारले, पन्नास वर्षांपूर्वीची आठवण पुरावा कशी होईल? आमच्यापैकी जिने आजींची गाठ घेतली होती तिनेच उत्तर दिले. आठवण एकटी पुरेशी नाही आणि नळीही एकटी पुरेशी नाही. हातभराचा फरक नळीने दाखविला, त्याचे कारण आजींनी सांगितले. परीक्षकांनी नकाशा मागून घेतला, मग नळी मागितली, आणि आमची वेळ संपून गेल्यावरही वर्गाच्या भिंतीवर पातळी लावून पाहत बसले. वास्तविक श्रेणी कोणती मिळाली हे ऐकण्याची उत्सुकता आम्हांस तोवर उरली नव्हती.

शेवटी एक विनंती. क अक्षराचा वाडा या उन्हाळ्यात उतरविण्यात आला. त्याच्या खांबावरची खूण आता केवळ आमच्या वहीत आहे. ज्यांच्या घरी १९६९, २००८ वा २०१९ च्या पाण्याची रेघ असेल, त्यांनी भिंतीस चुना लावण्यापूर्वी आम्हांस कळवावे. नळी आमच्याजवळच आहे, आणि रविवारी पहाटे आम्ही येऊ.