पहिल्या वर्षी लेकीने राहायचे कुठे? होस्टेल की फ्लॅट



बारावीचा निकाल लागला की आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब बाजूला राहतो आणि एकच विषय निघतो. मुलीला पनवेलला, नवी मुंबईला, लोणेऱ्याला नाहीतर पुण्याला प्रवेश मिळतोय, पण ती राहणार कुठे? कॉलेजच्या होस्टेलवर, की तिघी-चौघींनी मिळून घेतलेल्या फ्लॅटवर? हा प्रश्न वेळेत सुटला नाही, तर "जाऊ दे, इथेच काहीतरी कर" म्हणून विषय संपतो. मार्क चांगले असतात, घरच्यांची तयारी असते, आणि मुलगी अडते ती एका खाटेपाशी. म्हणून आज आम्ही त्या खाटेविषयीच बोलणार आहोत.

रोज जाऊन-येऊन का नको, असे कुणी विचारील. पेणहून पनवेल पस्तीस किलोमीटर. तिथवर जमते, आपल्या कितीतरी मुली करतात. पण रोह्याहून तेच अंतर पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास जाते. या मार्गावर लोकल नाही, मेमू मोजक्या. एक चुकली की एस.टी. धरायची आणि वडखळ नाक्यावर गर्दीत अडकायचे. रोह्याच्या आत धामणसई, चणेरा भागातली मुलगी असेल, तर स्टेशन गाठण्यातच सकाळ जाते. चार वाजता प्रॅक्टिकल संपवून रात्री आठ-नऊला घरी पोचणारी मुलगी अभ्यास कधी करणार? तेव्हा राहण्याची सोय ही चैन नाही. शिक्षणाचाच तो भाग आहे. हे आपल्याकडच्या थोरांनी फार आधी ओळखले होते. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले, ते शाळा होते आणि घरही होते. कोकणातल्याच मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी पुण्याजवळ हिंगण्याला आश्रम उभा केला, तोही आधी राहण्याची सोय करूनच.

आज फीची बाजू बरीच हलकी झाली आहे. २०२४-२५ पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास वर्गांतल्या मुलींचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले आहे. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांपर्यंत असले पाहिजे. पण या माफीत राहणे-जेवणे येत नाही. तो खर्च आपल्यालाच करायचा आहे, म्हणून तो नीट मोजला पाहिजे.

आधी होस्टेल. एका खोलीत दोघी, तिघी, कधी चौघी. खाट, टेबल, कपाट. न्हाणीघर सगळ्यांचे मिळून. सकाळी रांग, संध्याकाळी ठरलेल्या वेळी गेट बंद, मेसमध्ये जे शिजेल ते. मुली कंटाळतात. आमच्या गटातल्या एकीची मुलगी पहिल्या महिन्यात रोज फोन करून सांगायची, आई, भातात दम नाही. पण दिवाळीत ती घरी आली तेव्हा जेवणाचे कमी आणि मैत्रिणींचेच जास्त बोलली. बीडची एक, नंदुरबारची एक, आणि वरच्या मजल्यावरची एक ताई, जिने गणिताच्या वह्या दिल्या. नव्या गावात कुणालाच ओळखत नसताना शंभर मुली एका छपराखाली मिळतात, हे होस्टेलचे मोठे देणे आहे.

रॅगिंगची भीती आयांना वाटते. तर ऐका. आपल्या राज्यात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांप्रमाणे मुलीकडून आणि पालकांकडून लेखी हमी घेतात, आणि शक्य असेल तिथे पहिल्या वर्षाच्या मुलींना वेगळ्या इमारतीत ठेवायला सांगितले आहे. आयोगाचा फुकट फोन क्रमांक १८००-१८०-५५२२ वहीत लिहून ठेवा.

आता फ्लॅट. मुलींना तो का आवडतो ते आम्हाला कळते. आपली किल्ली, आपले न्हाणीघर, रात्री बारापर्यंत दिवा चालू. घरून नेलेले तांदूळ, पोह्याचे पापड, सुका जवळा आपल्या हाताने करून खाता येतो. अर्थात जवळा भाजला की शेजारची तक्रार येते, आणि काही घरमालक मासे खाणाऱ्यांना घरच देत नाहीत. हे आधी विचारून घ्या.

पैशाचा हिशेब बोटांवर करू या. समजा तिघींनी मिळून महिना १५,००० भाड्याचा फ्लॅट घेतला आणि मालकाने ६०,००० अनामत मागितली. एकीच्या वाट्याला अनामतीचे २०,०००, पहिल्या महिन्याचे ५,०००, आणि दलालाने एक महिन्याचे भाडे घेतले तर आणखी ५,०००. म्हणजे भांडे-गादी घ्यायच्या आधीच ३०,००० गेले. सुट्टीत मुली घरी आल्या तरी भाडे चालूच. आणि खरी मेख पुढे आहे. तिघींतली एक सहा महिन्यांत निघून गेली, दुसरीकडे प्रवेश मिळाला म्हणा, घरी अडचण आली म्हणा, तर उरलेल्या दोघींचा वाटा ५,००० वरून ७,५०० होतो. होस्टेलमध्ये शेजारची खाट रिकामी झाली, तर आपल्या मुलीला तिचे पैसे भरावे लागत नाहीत.

दुसरा हिशेब कामाचा, तो कुणी मांडत नाही. फ्लॅटमध्ये गॅस संपतो, पाणी जाते, कचरा टाकायचा असतो, दोन वेळा रांधायचे असते. कागदावर सगळ्यांच्या पाळ्या लागतात. पण ज्या मुलीला घरी कामाची सवय असते, तीच हळूहळू सगळ्यांसाठी भात लावू लागते. आपल्याकडच्या मुलींना ही सवय आपणच लावलेली असते. गणपतीच्या हंगामात कारखान्यात रंगकाम करून वर घरचेही आवरणाऱ्या पेणच्या मुली आम्ही पाहतो. त्या परक्या गावात जाऊन दुसऱ्या घराचा संसार सांभाळायला जात नाहीत, शिकायला जातात. पहिल्या सहामाहीत इंग्रजीतून शिकवलेले समजून घ्यायचे, लॅबच्या वह्या पुऱ्या करायच्या, त्यातच जीव मेटाकुटीला येतो. त्या दिवसांत ताट वाढून मिळणे ही लहान गोष्ट नाही.

सुरक्षिततेचे काय? इथे आपण आया फार पटकन होस्टेलकडे झुकतो, कारण तिथे गेट आहे. पण गेट म्हणजे काळजी नव्हे. होस्टेल बघायला जाल तेव्हा एवढे विचाराच: रात्री राहणाऱ्या वॉर्डन बाई आवारातच राहतात का? रात्री दोन वाजता मुलीला ताप भरला तर दवाखान्यात कोण नेते? प्रॅक्टिकल लांबले आणि उशीर झाला तर आत घेतात, की दारात उभे करतात? आधीपासून राहणाऱ्या दोन मुलींशी वॉर्डनच्या मागे बोला. आणि पाटीला भुलू नका. कॉलेजच्या आसपास फ्लॅटमध्ये दहा खाटा टाकून बाहेर "गर्ल्स होस्टेल" लिहिलेले असते. तिथे वॉर्डन नसते, मेस बाहेरची असते. ते फ्लॅटच समजा आणि फ्लॅटचेच प्रश्न विचारा.

फ्लॅट घ्यायचाच असेल, तर करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती नोंदणी करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. अनामत किती, ती कधी परत मिळणार, मधेच सोडल्यास काय, हे त्यात लिहून घ्या. मुलीला अठरा पूर्ण नसतील तर करार पालकाच्या नावे करा. अनामत रोख न देता खात्यातून द्या. आत शिरताना भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढा. सोडताना तेच कामाला येतात.

ज्यांना पैशाचीच अडचण आहे त्यांनी लवकर अर्ज करा. समाजकल्याण आणि आदिवासी विकास विभागांची मुलींची शासकीय वसतिगृहे आहेत, तिथे राहणे-जेवणे मोफत. आपल्या कातकरी, ठाकर वाड्यांतल्या मुलींसाठी आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय पेणमध्येच आहे. तिथे प्रवेश नाही मिळाला, तरी वाट बंद होत नाही. अनुसूचित जातीच्या मुलींसाठी स्वाधार, आदिवासी मुलींसाठी स्वयम् आणि इतर मागासवर्गीय मुलींसाठी सावित्रीबाई फुले आधार या योजनांत राहण्या-जेवण्याचे पैसे थेट मुलीच्या खात्यात येतात. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवा. जूनमध्ये सेतू कार्यालयात पाय ठेवायला जागा नसते.

आता आमचे मत. कॉलेजचे किंवा सरकारी होस्टेल मिळत असेल आणि ते बघून पटले असेल, तर पहिले वर्ष तिथे. त्या वर्षात मुलीला गाव कळते, माणसे कळतात, कोण भाड्याचा वाटा वेळेवर देईल आणि कोण देणार नाही हेही कळते. मग दुसऱ्या वर्षी तिने पारखलेल्या मैत्रिणींबरोबर खुशाल फ्लॅट घ्यावा. होस्टेल मिळालेच नाही, तर मात्र फ्लॅटला भिऊन प्रवेश सोडू नका. आपल्याच भागातल्या, ओळखीच्या घरांतल्या मुली शोधा आणि आयांनी आधी एकत्र बसून हिशेब करा.

आणि जागा बघायला मुलीला बरोबर न्या. तिथे राहायचे तिला आहे. भाऊ शिकायला जातो तेव्हा "मिळेल कुठेतरी" म्हणून आपण त्याला गाडीत बसवतो. मुलीच्या वेळी दहा प्रश्न विचारतो. विचारायला हरकत नाही, पण ते दहा प्रश्न तिला जागा मिळवून देण्यासाठी विचारा, तिला घरी ठेवण्यासाठी नको.

कुणाला काही विचारायचे असेल तर गटाच्या बैठकीला या, दाखले आणि कागद घेऊन या. आपण मिळून अर्ज भरू.