गावातला प्रश्न आणि ग्रुपवरचं उत्तर

आजचा भाग आहे कृषी महाविद्यालयातल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या शिक्षकांसाठी. पण तुम्ही नर्सिंगला असाल, बी.एड.ला असाल, आयटीआयमधून कारखान्यात शिकाऊ म्हणून गेला असाल, तरी ऐका. अडचण सगळीकडे सारखीच आहे.

पावसाळा सुरू झाला की आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या गावांमध्ये कृषीदूत आणि कृषिकन्या दिसायला लागतात. हे कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी. अभ्यासक्रमात याला ग्रामीण कृषी कार्यानुभव म्हणतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचा ‘स्टुडंट रेडी’ कार्यक्रम 2015 मध्ये जाहीर झाला, त्याचाच हा भाग. त्या आराखड्यात चौथ्या वर्षाचं सातवं सत्र, म्हणजे 20 आठवडे, या कामासाठी ठेवलेले होते. काही काळ गावात शेतकऱ्यांबरोबर, काही काळ कृषी उद्योगात किंवा संशोधन केंद्रात.

आता गंमत बघा. तीन वर्षं साठ-सत्तर जण एका वर्गात बसतात. शेजारच्याला विचारता येतं, सरांना तास संपल्यावर गाठता येतं. आणि ज्या दिवशी खरा शेतकरी खरा प्रश्न विचारतो, त्या दिवशी आजूबाजूला कुणी नसतं. दोन-चार जण सांगोल्याकडच्या गावात, दोन-चार जण मंगळवेढ्याकडे, उरलेले मोहोळला. कार्यक्रम अधिकारी येणार आठ-पंधरा दिवसांनी.

म्हणून मोबाईलवर ग्रुप निघतो. चांगली गोष्ट आहे. पण त्यावर येतं काय? बीजप्रक्रियेचं प्रात्यक्षिक, मागे बॅनर, पुढे सरपंच आणि दहा शेतकरी. माती नमुना घेण्याचं प्रात्यक्षिक, तोच बॅनर. खाली अंगठे आणि ‘अभिनंदन’. पेपरातलं कात्रणही येतं. हे सगळं अहवालाला लागतं, मान्य आहे. पण हा कामाचा पुरावा झाला. शिकणं कुठे दिसतंय यात?

एक उदाहरण घेऊ. समजा, सांगोला तालुक्यातल्या एका गावात कृषिकन्येला शेतकरी काका म्हणाले, “पोरी, माझं डाळिंबाचं झाड पिवळं पडून वाळायला लागलंय. काय मारू सांग.” सोलापूरच्या डाळिंबाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. प्रश्न अगदी आपल्या मातीतला. ती फोटो काढते, ग्रुपवर टाकते आणि लिहिते, “सर, हे काय आहे?”

पाच मिनिटांत एक जण लिहितो, “मर रोग.” दुसरा औषधाचं नाव लिहितो. तिसरा पूर्वी कुठून तरी आलेला फवारणीचा तक्ता पुढे ढकलतो.

थांबा इथे. पिवळं पडून वाळणारं झाड म्हणजे नेमकं काय? खोड आडवं कापून पाहिल्यावर आत काळपट-तपकिरी डाग दिसला, तर बुरशीची शंका घ्यायची. बारीक मुळं उकरून पाहिल्यावर गाठी दिसल्या, तर सूत्रकृमी. खोडावर, जमिनीलगत, टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसली, तर खोड पोखरणारा भुंगेरा. कधी कधी हे तिन्ही एकाच बागेत असतात. पाणी जास्त झालं तरी झाड पिवळं पडतं. फोटोत मात्र सगळी झाडं सारखीच पिवळी दिसतात. त्यामुळे फोटोवरून दिलेलं उत्तर बरोबर आलं, तरी तो अंदाजच. आणि चुकलं तर? पेपरात चूक झाली की दोन गुण जातात. इथे काकांचा फवारणीचा खर्च जातो, दिवस जातात आणि शेजारची झाडंही जाऊ शकतात.

मला या विषयात एवढीच एक गोष्ट सांगायची आहे. ग्रुपचा उपयोग उत्तर पटकन मिळवण्यासाठी कमी आणि प्रश्न नीट विचारायला शिकण्यासाठी जास्त करा.

म्हणजे कसं? प्रश्न टाकताना फोटोबरोबर या गोष्टी लिहायच्या. पीक कोणतं, वाण कोणता, भगवा की गणेश? बाग किती वर्षांची? बहार कोणता, मृग, हस्त की आंबे? पाणी किती आणि कसं देतात? किती झाडांना त्रास आहे, सलग ओळीत की विखुरलेला? कधीपासून? आधी काय फवारलं, काय आळवणी केली? खोड आणि मुळं पाहिली का? आणि सगळ्यात शेवटी एक ओळ: “माझा अंदाज असा आहे, कारण...”

ही शेवटची ओळ सोडायची नाही. अंदाज लिहायचा म्हटलं की मुलगी परत बागेत जाते, मुळं उकरते, काकांना पुन्हा विचारते. अर्धं शिक्षण तिथेच होतं, ग्रुपवर कुणी काही बोलायच्या आधी.

आता शिक्षकांसाठी. सर, मॅडम, तुम्हाला उत्तर माहीत असतं. तरी लगेच देऊ नका. तासभर थांबा. मंगळवेढ्याच्या मुलांना बोलू द्या, “आमच्याकडे अशीच बाग आहे, पण मुळांना गाठी होत्या.” मग तुम्ही विचारा, “दोन्ही बागांमध्ये फरक काय?” ही तुलना एका गावात बसून होत नाही. ती फक्त सगळ्यांच्या बोलण्यातून होते. पण रोज संध्याकाळी एक ठरलेली वेळ ठेवा आणि त्या वेळी नक्की या. शिक्षक फिरकलेच नाहीत तर चुकीचं उत्तर तसंच राहतं आणि तेच गावात पोचतं.

तुम्ही म्हणाल, शेतकऱ्याला घाई असते, त्याने का थांबावं? रास्त आहे. म्हणून दोन वाटा वेगळ्या ठेवा. तातडीचं असेल तर शिक्षकांना किंवा कृषी विज्ञान केंद्राला थेट फोन. 2004 पासून किसान कॉल सेंटरही आहे. ग्रुपवरची चर्चा त्यानंतर, शिकण्यासाठी. आणि शिक्षकांनी पाहिल्याशिवाय औषधाचं नाव आणि मात्रा ग्रुपवरून शेतकऱ्यापर्यंत जाणार नाही, हा नियम पक्का. “काका, विचारून उद्या सांगते,” असं म्हणण्यात कमीपणा नाही. उलट, शेतकरी अशाच माणसावर विश्वास टाकतो.

आणखी चार गोष्टी पटकन सांगतो. फोटो, हजेरी, सूचना यांचा ग्रुप वेगळा ठेवा, प्रश्नांचा वेगळा. चुकलेल्या अंदाजाचे गुण कापू नका, नाहीतर पुढच्या आठवड्यात कुणी अंदाज लिहिणारच नाही. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, कर्जाची गोष्ट ग्रुपवर नको, आणि फोटो घेण्याआधी विचारायचं. चौथी गोष्ट, ग्रुपवरचं बोलणं वाहून जातं. म्हणून दर रविवारी पाळीपाळीने एकाने आठवड्याचे प्रश्न वहीत उतरवायचे: प्रश्न, अंदाज, शेवटी निघालेलं कारण आणि पंधरा दिवसांनी बागेत काय दिसलं. रेंज नसलेल्या गावातली मुलं आवाजात बोलून ठेवतील, रेंज आली की जाईल.

ती वही पुढच्या वर्षीच्या कृषीदूतांच्या हातात द्या. त्याच गावात, त्याच काकांच्या बांधावर ते जाणार आहेत. निदान त्यांना पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी लागणार नाही.

तुमच्या कामाच्या ठिकाणी असं काही चालतं का, नक्की कळवा. आज इथेच थांबतो.