मॉरिशसचे मराठी
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



आजच्या प्रसंगी आम्ही मुद्दामच मॉरिशसच्या मराठी समाजाचा विषय निवडला आहे. आपण येथे आलो ते बदलीचा हुकूम आणि प्रवासभत्ता घेऊन. ते गेले ते पाच वर्षांच्या करारावर अंगठा उठवून.

डचांनी या बेटाला आपल्या राजपुत्राचे नाव दिले, फ्रेंचांनी गुलामांच्या श्रमांवर तेथे मळे उभारले आणि १८१० साली ते इंग्रजांच्या हाती पडले. १८३५ मध्ये गुलामगिरी संपली. पण उसाला माणसे हवीच होती. १८३४ पासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर तेथे उतरले. बहुतेक भोजपुरी मुलखातले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत मात्र रत्नागिरीकडची माणसे पुष्कळ. पोर्ट लुईच्या धक्क्यावरील सोळा पायऱ्या चढल्या की पुढे मळाच. तेथे एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई.

सरकारी नोंदवहीत मजुराचा क्रमांक, नाव, बापाचे नाव आणि गाव लिहीत. आडनावाची कोणास गरज वाटली नाही! पुढे वडिलांचे नाव हेच आडनाव झाले. म्हणून तेथे रामजी, बाबाजी अशी आडनावे भेटतात. मूळचे साळवी की शिंदे, हे कित्येकांना सांगता येत नाही. त्या नोंदवह्या, काही मजुरांच्या छायाचित्रांसह, तेथील महात्मा गांधी संस्थेने जतन केल्या आहेत. याच संस्थेत मराठीही शिकवली जाते.

भाषेने मात्र फार सोसले. घरात क्रिओल, शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच. तरी गणेशचतुर्थीची तेथे सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी ‘झाकरी’ या नावाने अजून नाचली जाते. गणपती टिकला, बोली विरळ झाली. मराठी आता त्यांची मुले शाळेत विषय म्हणून शिकतात, पण शिकतात.

आपल्या दारांवर आडनावांच्या पाट्या शाबूत आहेत. आरतीचे कागद मात्र मुलांसाठी रोमन लिपीत छापावे लागतात. यंदाची शिल्लक सभागृहाच्या रंगकामास द्यावी, असा ठराव कार्यकारिणीपुढे आहे. आमचे मत रविवारच्या मराठी वर्गाच्या बाजूने पडेल.