'सध्या काय वाचता?' – घराघरांत विचारावा असा प्रश्न

(बीबी, ता. लोणार, जि. बुलढाणा येथील वाचकांच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



दोन परिचित माणसे एस.टी. थांब्यावर भेटली की पावसाची, पेरणीची, सोयाबीनच्या भावाची आणि मुलांच्या नोकरीची चौकशी होते. 'सध्या काय वाचता?' ही चौकशी सहसा होत नाही. कुणी केलीच, तर समोरचा थोडा संकोचतो, जणू त्याची परीक्षाच घेतली जात आहे. वस्तुतः हा प्रश्न आपुलकीचा आहे. आज मनात काय चालले आहे, हेच त्यातून विचारलेले असते.

हा संकोच या भूमीच्या परंपरेला धरून नाही. चातुर्मासात गावोगावी पोथी लागत असे. एकाने वाचावे, दुसऱ्याने अर्थ सांगावा आणि साऱ्या आळीने ऐकावे, अशी ती रीत होती. श्रीधरांचा 'हरिविजय' आणि 'पांडवप्रताप' हे ग्रंथ अक्षरओळख नसलेल्या आजीबाईंनाही प्रसंगानुरूप ठाऊक असत. अभिमन्यूचा प्रसंग आला की डोळ्यांना पदर लागे आणि दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर त्याचीच चर्चा होई. याच जिल्ह्यातील शेगावच्या श्रीगजानन महाराजांचे चरित्र दासगणूंनी 21 अध्यायांत ओवीबद्ध केले. त्याचे पारायण आजही घरोघरी होते. या वाचनात भक्ती होती, तसा निखळ आनंदही होता. कथा ऐकताना रमणे हे कुणी कमीपणाचे मानले नाही.

बीबीच्या पंचक्रोशीला ग्रंथांचे वावडे कधीच नव्हते. मराठीचा आद्य गद्यग्रंथ म्हणून गौरविल्या जाणाऱ्या 'लीळाचरित्रा'त लोणार आणि मेहकर ही नावे येतात. मेहकरला वकिली करणारे कवी ना. घ. देशपांडे याच मातीतले. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांच्या स्वरात महाराष्ट्रभर पोहोचली. पुढे 1954 साली त्याच नावाचा त्यांचा संग्रह आला. मुंबई-पुण्यापासून दूर राहूनही त्यांनी मराठी भावगीताला नवे वळण दिले.

आजचे चित्र निराळे आहे. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्रात खेड्यापाड्यांत वाचनालये झाली. त्यांतील अनेक वाचनालयांतून आज स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका चालतात. शेतकऱ्याचा मुलगा पहाटेपासून तेथे बसतो, हे कौतुकास्पदच आहे. परंतु त्याच्या हातातील प्रत्येक पुस्तक त्याला एकच प्रश्न विचारते : यातून किती गुण मिळणार? जागा थोड्या आणि उमेदवार अगणित. निकाल प्रतिकूल लागला की त्या मुलाला नोकरीबरोबर पुस्तकाचाही वीट येतो. घरी कुणाशी बोलावे, तर तेथेही विषय एकच असतो. असा तरुण मग मुका होत जातो.

या मुक्या तरुणाची कथा याच जिल्ह्यातील लेखकाने लिहून ठेवली आहे. अमडापूरचे सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही कादंबरी 2002 साली प्रसिद्ध झाली आणि 2004 साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकून-सवरून नोकरीसाठी पैसे भरता न आल्यामुळे शेतीतच अडकलेला एकनाथ, त्याचे आई-वडील, शहरात वाढलेली त्याची पत्नी हे सारे बुलढाण्याच्या घराघरांत भेटणारे लोक आहेत. ही कादंबरी नोकरी मिळवून देत नाही, कर्जही फेडत नाही. मात्र आपले दुःख दुसऱ्या कुणालाही कळलेले आहे, हा दिलासा ती देते. ज्या विदर्भाने शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या, तेथे हा दिलासा क्षुल्लक नाही.

सामाजिक कार्यकर्त्याची अडचण थोडी वेगळी असते. बौद्धिकाची तयारी म्हणून तो पुष्कळ वाचतो, टिपणे काढतो. त्याचे महत्त्व आहेच. पण केवळ मुद्दे शोधण्यासाठी वाचणाऱ्याला मुद्देच सापडतात, माणसे सापडत नाहीत. पं. दीनदयाळ उपाध्याय यांच्यासारख्या तत्त्वचिंतकालाही किशोरांसाठी 'सम्राट चंद्रगुप्त' ही कथा लिहावीशी वाटली. विदर्भातील परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर यांनी 'माचीवरला बुधा' लिहिला, तो कोणताही सिद्धांत पटवून देण्यासाठी नव्हे. तरीही तो वाचून सह्याद्रीवर जीव जडलेले वाचक थोडे नाहीत. देशावरील प्रेम हे देशातील माणसांवरचे, झाडांवरचे आणि भाषेवरचे प्रेम असते. ते रमून वाचल्याने वाढते.

यास्तव एक साधा संकल्प करता येईल. आठवड्यातून एकदा, सारे घर एकत्र जेवायला बसते त्या वेळी, दूरचित्रवाणी आणि मोबाईल बाजूला ठेवून प्रत्येकाने आपण सध्या काय वाचत आहोत ते सांगावे. नातीने गोष्टीचे पुस्तक सांगावे, आजोबांनी पोथीतील प्रसंग सांगावा, सुनेने मासिकातील कथा सांगावी. पुस्तक अर्धवट सोडले असेल, तर तेही मोकळेपणाने सांगावे. कुणी कुणाला गुण देऊ नयेत. 'असले काय वाचतोस?' हे वाक्य तर त्या ताटाभोवती उच्चारूच नये. एका घरातील पुस्तक दुसऱ्या घरात गेले, की गावाचे वाचनालयही पुन्हा जागे होईल.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आनंद सर्वांना झाला. तो दर्जा राजधानीत मिळाला. तो टिकणार आहे बीबीसारख्या गावांत, रात्री जेवणानंतर उघडल्या जाणाऱ्या पुस्तकात. अभ्यासिकेतून उशिरा परतलेल्या मुलाला 'पेपर कसा गेला?' हा प्रश्न सारे विचारतातच. त्याच्या पुढ्यात ताट ठेवताना आईने एखाद्या दिवशी विचारून पाहावे, 'बाळा, सध्या काय वाचतोस?' कदाचित तो त्या रात्री पुष्कळ दिवसांनी मन मोकळे करील.