पासवर्ड नानांचाच

मागच्या वेळी आपण हप्त्याच्या वहीबद्दल बोललो. आज बोलायचंय ते आमच्या शेजारच्या वाडीतल्या एका रिटायर फौजीबद्दल आणि त्यांच्या कॉम्प्युटरबद्दल. ऐकणाऱ्या कुणाच्या घरी असा माणूस असेल, तर त्यालाही जवळ बसवा.

आपल्या सातारा जिल्ह्यात फौजी नाही असं गाव शोधावं लागतं. अपशिंग्याच्या शिळेवर तर कोरलेलंच आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातून ८७ जण गेले आणि ४६ परत आले नाहीत. परत आलेल्यांतल्या कितीजणांची नजर पुढे गेली, हे मात्र कुठल्या दगडावर नसतं. कुणाची सुरुंगानं जाते, कुणाची साखरेनं. आमच्या नानांची काचबिंदूनं गेली, रिटायर झाल्यावर. तोफखान्यात हवालदार होते.

त्यांची बायको, आक्का, आमच्या गटात आहे. आठ वर्षांत एक हप्ता चुकला नव्हता. मागच्या हिवाळ्यात मीटिंगला आली आणि म्हणाली, "या महिन्यात नाही जमणार, पेन्शन थांबलीय." विचारलं तर कळलं, हयातीचा दाखला गेला नव्हता. दुकानातल्या पोरानं मोबाईलवर प्रयत्न केला होता. त्यात चेहरा चौकटीत धरायचा आणि सांगितलं की पापण्या मिटायच्या-उघडायच्या. चौकट पडद्यावर, सूचना पडद्यावर. नानांना दिसणार कशी? तीन वेळा फेल. शंभर रुपये मात्र तिन्ही वेळेला घेतले. शेवटी गाडी करून तालुक्याला गेले, तिथं कागदावर काम झालं आणि पेन्शन सुरू झाली.

इथंच विषय संपला असता. पण चार दिवसांनी नाना स्वतः काठी टेकत ऑफिसात आले. म्हणाले, "पोरी, माझा पिन नंबर दुकानदाराला माहीत, पुतण्याला माहीत, पोस्टातल्या पोराला माहीत. एकट्या मलाच माहीत नाही. ते यंत्र मला शिकव."

मी बीए, त्यावर एमएससीआयटी. म्हटलं, त्यात काय! आणि पहिल्याच दिवशी सगळं चुकलं. मी म्हणे, "इथं बघा," "हे निळं दिसतंय ना त्यावर दाबा." माऊसवर त्यांचा हात ठेवून मीच तो फिरवला. नानांनी हात काढून घेतला. "हात सोड. तोंडानं सांग. फौजेत आम्ही डोळ्यांवर पट्टी बांधून रायफल खोलायचो आणि जोडायचो. कुठला भाग कुठं, एवढं सांग, पुढचं मी बघतो."

त्या रात्री मी पडदा बंद करून कीबोर्डपुढे बसले. पाच मिनिटांत घाम फुटला. मग मी आधी स्वतः शिकले.

त्यासाठी पडद्यावरचं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम असतो, एन-व्ही-डी-ए. फुकट मिळतो. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ साली तो सुरू केला. कारण असले प्रोग्राम तेव्हा इतके महाग होते की गरजवंताला परवडतच नव्हते. माऊस लागतच नाही, सगळं बटणांवर. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगते. इन्सर्ट आणि एक ही दोन बटणं एकत्र दाबली, की पुढं जे बटण दाबाल त्याचं नुसतं नाव तो सांगतो, काम काही करत नाही. म्हणजे काही बिघडायची भीतीच नाही. नाना दोन दिवस तेवढंच करत बसले. आणि तुम्ही कधी हात लावून पाहिलंय का? एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो. दोन्ही तर्जन्या तिथं टेकल्या की बाकीचं सगळं अंदाजानं सापडतं. मी दहा वर्षं टायपिंग करते, मला तो उंचवटा नानांनी दाखवला.

अडचण आली ती कानाची. तोफेजवळ उभं राहून राहून त्यांना बारीक, चिरका आवाज ऐकूच येत नाही. मला वाटायचं, म्हातारे झालेत, लक्षात राहत नाही. मग आवाजाची पट्टी खाली आणली, वेग कमी केला, चांगल्या कानाला हेडफोन लावला. तेच नाना भराभर पुढं गेले. माझीच मला लाज वाटली. ब्रेलचंही मी विचारलं होतं, पण साखरेमुळे त्यांची बोटं बधिर झालीत, ठिपके कळत नाहीत. प्रत्येकाला ब्रेल जमेलच असं नाही, हे ध्यानात ठेवा.

मराठी टायपिंगला विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट आहे. डाव्या हाताला स्वर नि काने-मात्रे, उजवीकडे बहुतेक व्यंजनं. जे वर र, ई वर काना, सी वर म. नानांनी लिहिलेला पहिला शब्द 'राम राम'. यंत्रानं तो मोठ्यानं म्हटला, तेव्हा आक्का चुलीपुढून उठून बाहेर आली. तिला वाटलं कुणी पाहुणा आला.

हे काही नवं खूळ नाही बरं का. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या जवानांसाठी १९४३ मध्ये डेहराडूनला सेंट डनस्टन्स नावाचं केंद्र निघालं. आज देशातली दृष्टिहीनांची जी मोठी राष्ट्रीय संस्था तिथं आहे, तिची सुरुवात त्या फौजींपासून झाली. आपल्या खडकीत अपंग जवानांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरी संस्था आहे, ती तर १९१७ ची. आमच्या नानांना घर सोडून जायचं नव्हतं, म्हणून गटाचा लॅपटॉप.

आता बँकेचं सांगते, कारण तिथं आपण बाया घाबरतो. नानांना एका ठिकाणी सांगितलं, "तुम्हाला दिसत नाही, एटीएम कार्ड देता येणार नाही, अंगठा लावा." ज्या माणसानं आयुष्यभर सही केली, त्याला अंगठा! रिझर्व्ह बँकेनं २००८ सालीच बँकांना कळवलंय, की दृष्टिहीनांना चेकबुक, एटीएम, नेट बँकिंग, कर्ज, सगळं भेदभाव न करता द्यायचं. आम्ही ते परिपत्रक छापून नेलं. दोन चकरा झाल्या, कार्ड मिळालं. आणि सिमकार्डाला, बँकेत खात्याला ओळख पटवताना पापणी लववायला सांगतात ना, त्यावर ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. पापणीशिवाय दुसरे मार्गही ठेवा, असं त्यात सांगितलंय. ती तारीख कागदावर लिहून ठेवा. कुठं अडवलं तर उपयोगी पडेल.

नवा पिन नानांनी स्वतः टाकला. आम्हा दोघींना पाठ फिरवून उभं केलं. आक्का रुसली, "मलासुद्धा नाही?" नाना म्हणाले, "तुझ्या गटाच्या पासबुकात किती आहेत, ते तू मला कधी सांगितलंस?" यावर ती गप्प. खरं आहे, सांगितलं नव्हतं.

एक गोष्ट अजून अडते. काही ठिकाणी लॉगिन करताना वाकड्यातिकड्या अक्षरांचं चित्र येतं, ते ओळखून लिहायचं. चित्र असल्यामुळे यंत्राला ते वाचता येत नाही. कुठं कुठं ऐकायची सोय असते, सगळीकडे नसते. आक्काला इंग्रजी येत नाही. मग ती आकार सांगते: "उभी काठी, वर आडवी फळी." नाना म्हणतात, "टी." "दोन डोंगर जोडून." "एम." फौजेत रोमन अक्षरं शिकले होते, ती अशी कामाला आली. दोनदा चुकतं, तिसऱ्यांदा उघडतं. आत शिरल्यावर आक्कानं उठून जायचं, असं दोघांचं ठरलंय.

दर बुधवारी चार वाजता गटाच्या ऑफिसात आम्ही बसतो. नाना आता शिकवतात, मी शेजारी असते. आणखी दोघं येतात, त्यातले एक फौजी नाहीत. ज्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही त्यांनी साधा अँड्रॉइड मोबाईल आणावा, त्यातही टॉकबॅक नावाची बोलायची सोय असते. पण घरी एकट्यानं सुरू करू नका. ती सुरू झाली की फोन वेगळाच वागतो, एकदा दाबलं तर नुसतं नाव सांगतो, दोनदा दाबलं तर उघडतो, आणि माणूस घाबरतो. येताना चार्जिंग करून या, आमच्याकडे चारनंतर लाईटचा भरवसा नसतो.