शाळेतला संगणक कुणाचा? मुक्त सॉफ्टवेअर आणि केरळचा अनुभव

(विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



'फ्री सॉफ्टवेअर' म्हटलं की पहिला प्रश्न येतो, म्हणजे फुकट का? इंग्रजीत एकाच शब्दात दोन अर्थ कोंबलेत. आपल्याकडे 'फुकट' आणि 'मुक्त' हे वेगळे शब्द आहेत, ते वेगळेच ठेवूया. फुकट तर मोठ्या कंपन्याही देतात, शाळांना तर आवर्जून. लहानपणी ज्यावर हात बसतो तेच माणूस पुढे मागतो, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मुक्त सॉफ्टवेअर कशासाठीही वापरता येतं, आतून वाचता येतं, बदलता येतं, दुसऱ्याला वाटता येतं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तो याच हक्कांसाठी.

वाचायला मनाई, वाटायला मनाई. या देशात हे कुणाला सांगितलं गेलं, ते या सभागृहात वेगळं सांगायला नको.

आता केरळकडे येते. तिथे २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प सुरू झाला. सुरुवातीला मुलं शिकत होती ती एका कंपनीचंच सॉफ्टवेअर. शिक्षक संघटनांनी आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी आक्षेप घेतला: सरकारी अभ्यासक्रम एका कंपनीच्या मालावर कसा उभा राहतो? काही वर्षांत सरकारी शाळा लिनक्सवर आल्या. आधी डेबियन, नंतर उबंटूवर आधारलेली, शाळांसाठी मुद्दाम घडवलेली प्रणाली. लिब्रेऑफिस, जिंप, लहानग्यांसाठी टक्स पेंट, सगळं त्यातच. २०१७ मध्ये या प्रकल्पाची 'काइट' ही सरकारी कंपनी झाली आणि २०१८ पासून शाळाशाळांत 'लिटिल काइट्स' मंडळं निघाली. त्यात मुलं ॲनिमेशन करतात, मल्याळम टंकलेखन शिकतात, हार्डवेअर उघडून बघतात.

परवान्याचे पैसे वाचले हे सगळेच सांगतात. मला त्याहून मोठी गोष्ट वाटते ती शिक्षकांची. केंद्राच्या आयसीटी योजनेखाली बऱ्याच राज्यांनी 'बूट' पद्धत घेतली. म्हणजे कंपनी संगणक बसवणार, काही वर्षं चालवणार, शिकवायला स्वतःचा कंत्राटी माणूस ठेवणार आणि मुदत संपली की डबे शाळेच्या पदरात टाकून निघून जाणार. गणिताच्या बाईंना त्या खोलीत काही कामच नाही. केरळने शाळेतल्याच शिक्षकांना तयार केलं, त्यांच्यातूनच इतरांना शिकवणारे निघाले. बिघाड झाला तर दुरुस्त करणारं माणूस शाळेतच असतं. मुक्त सॉफ्टवेअर नसतं तर हे जमलं नसतं असं नाही, पण बरंच अवघड गेलं असतं.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हिशेब मांडला होता: महसूल भरतात कष्टकरी रयत आणि त्यातून शिकतात वरच्या जातींची मुलं. आज आश्रमशाळेच्या, समाजकल्याणच्या वसतिगृहाच्या नावाने संगणक खरेदी होते, तेव्हा हाच हिशेब मागायला हवा. किती पैसा परवान्यात गेला आणि किती मुलांच्या हाती पोचला?

पण केरळचं गुणगान करून थांबले तर ते अर्धवट होईल. १ जून २०२० ला तिथे 'फर्स्ट बेल' ऑनलाइन वर्ग सुरू झाले. त्याच दिवशी मलप्पुरम जिल्ह्यात नववीतल्या एका दलित मुलीने आत्महत्या केली. घरातला टीव्ही नादुरुस्त होता, स्मार्टफोन नव्हता, असं घरच्यांनी सांगितलं. शाळेतला संगणक मुक्त होता. घरात पडदाच नव्हता. सॉफ्टवेअरचा परवाना बदलून घर बदलत नाही, आणि दूरशिक्षणाची सगळी योजना घराच्या भरवशावर असते.

दुसरं, मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात एक लाडकं वाक्य आहे: इथे माणूस नाही, फक्त कोड बघतात. 'आम्ही जात बघत नाही' हे ऐकत आपण मोठे झालोय, त्यामुळे हा सूर ओळखीचा आहे. रात्री जागून बिनपगारी कोड लिहायला फावला वेळ लागतो, इंग्रजी लागतं, घरी खात्रीचं इंटरनेट लागतं. हे ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जमलं, तेच तिथे जास्त दिसतात. दरवाजाला कुलूप नाही, हे खरं. पण दरवाजापर्यंतचा रस्ता कुणी बांधायचा?

तरीही मी या बाजूने बोलते आहे, त्याचं एक साधं कारण. बंद सॉफ्टवेअर गोंडीत, भिलीत आणायचं तर कंपनीच्या दारात उभं राहावं लागतं आणि तिला त्यात बाजार दिसावा लागतो. मुक्त सॉफ्टवेअरला परवानगी लागत नाही. मल्याळममधला मोठा भाग स्वयंसेवकांनीच उभा केला. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'चे धडे मराठीतही आहेत, जुन्या संगणकावरही चालतात.

तुमच्यापैकी बरेच जण वसतिगृहात राहता. तिथल्या संगणक खोलीची किल्ली कुणाकडे असते, खोली किती वाजता उघडते, त्यावर काय टाकलंय आणि त्याचं बिल किती झालं, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. अर्ज मराठीत चालतो. नमुना मी सोबत आणलाय, ज्यांना हवा त्यांनी घ्यावा. आता तुमचे प्रश्न.